बाविसावा परिच्छेद

शनिवारी सकाळी न्यायमूर्ती बालाजीराव कॉफीचा पेला घेऊन गॅलरीत आले, तेव्हा त्यांची सून कौमुदी कठड्याला टेकून नागपूरला आईशी फोनवर बोलत होती. बोलणं कसलं, धबधबाच होता. हसत होती, हातवारे करत होती, मधेच आईला दटावत होती. बालाजीराव वेताच्या खुर्चीत बसले. पेला रिकामा झाला तरी फोन चालूच. शेवटी तिनं तो बंद केला तेव्हा त्यांनी विचारलं, "कोण गो, आई का? काय करत होतीस इतका वेळ?"

"काही नाही अप्पा. उगाच उभी होते."

"उगी?" त्यांना गंमत वाटली. "उगी कोठें होतीस? अर्धा तास तोंड मिटलें नाही तुझें!"

कौमुदी हसायला लागली. "अप्पा, उगाच म्हणजे गप्प नाही हो. उगाच म्हणजे असंच. काही कारण नसताना."

हा खेळ त्या घरात दोन वर्षं चालला होता. बालाजीरावांचं घराणं तंजावरचं, मराठी बोलणारं, पण ती मराठी तीनशे वर्षांमागे महाराष्ट्रातून निघालेली आणि मधल्या काळात तमिळच्या अंगाखांद्यावर वाढलेली. कौमुदी नागपूरची. शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करता करता त्यांच्या विजयकुमारशी तिची ओळख झाली आणि ती मद्रासमधल्या अड्यारच्या या घरात आली. पहिल्याच आठवड्यात तिनं सासूला विचारलं होतं, "उपम्यावर सांबार घालू का?" तिच्या नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर. कामाक्षीअम्मांनी मात्र घाबरून सांबाराचं पातेलं लपवलं होतं. तेव्हापासून कोणाचा शब्द कोणाला कुठे अडला, की जेवणाच्या टेबलावर हसू व्हायचं.

आज मात्र बालाजीराव हसता हसता थांबले. रिकामा पेला त्यांनी खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"म्हणजे एखादा मनुष्य उगाच उभा होता म्हटलें, तर?"

"तर तो नुसताच उभा होता. त्याचं तिथे काही काम नव्हतं."

"आणि तो बोलत नव्हता, असें नव्हे?"

"बोलेल नाहीतर गाणं म्हणेल. त्याचा संबंध नाही. का हो, अप्पा?"

"कांही नाही," ते म्हणाले आणि उठून आपल्या खोलीत गेले.

त्या खोलीच्या तीन भिंती पुस्तकांनी भरल्या होत्या. तंजावरच्या जिल्हा कोर्टात फाइली लावणाऱ्या सुब्बाराव कारकुनाचा हा मुलगा मद्रासला येऊन कायदा शिकला, एका मोठ्या वकिलाच्या हाताखाली त्यानं अकरा वर्षं टिपणं काढली, आणि पन्नासाव्या वर्षी तो हायकोर्टाचा न्यायाधीश झाला. पुढची बारा वर्षं ते अपिलं ऐकत राहिले. खालच्या कोर्टानं दिलेला निकाल बरोबर की चूक हे ठरवायचं. साक्षीदार समोर नाही, आरोपी समोर नाही, समोर फक्त कागद. पण तो कागद बालाजीराव असा वाचत की वकील दबकून असत. इंग्रजी भाषांतरावर ते कधी विसंबले नाहीत. तमिळ, तेलुगू, मराठी, साक्षीदार ज्या भाषेत बोलला त्या भाषेतला मूळ जबाब मागवून घेत. दोन वर्षांपूर्वी, २००४ साली, ते निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात प्रत्येक वक्त्यानं हेच सांगितलं होतं, आणि त्यातल्या निम्म्यांनी एकाच निकालाचा दाखला दिला होता. १९९५चा, अंबत्तूरच्या फाउंड्रीचा.

तो निकाल असलेलं पुस्तक त्यांनी कपाटातून काढलं.

हकिगत साधी होती. अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या फाउंड्रीच्या फाटकाशी, पाळी सुटायच्या वेळी, दोन कामगारांनी फोरमनला लोखंडी गजानं मारलं. दुसऱ्या दिवशी तो गेला. तिसरा कामगार, रंगा नावाचा, तिथेच फाटकाशी उभा होता. त्यानं हात उचलला नाही, पण फाटक बंद होतं आणि फोरमनला बाहेर पळता आलं नाही. फाटक कोणी लावलं हे कोणी पाहिलं नव्हतं. समोरच्या घरातली एक बाई, चारुलता, हीच एक धड साक्षीदार. नवरा जवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात, माहेर आणि सासर दोन्ही महाराष्ट्रात. तमिळ तेव्हा तिला येत नव्हतं, म्हणून ती मराठीत बोलली आणि दुभाष्यानं ते तमिळमध्ये सांगितलं. खालच्या कोर्टानं दोघांना शिक्षा दिली आणि रंगाला सोडलं. सरकारनं त्याच्या सुटकेवर अपील केलं, ते बालाजीरावांपुढे आलं.

बाविसावा परिच्छेद त्यांनी मोठ्यानं वाचला. इंग्रजी त्यांचंच, घोटीव. त्याचा आशय असा, की साक्षीदारानं वापरलेला मूळ शब्द कारकुनानं कंसात लिहून ठेवला आहे, 'उगा उभा होता'. खालच्या कोर्टानं त्याचा अर्थ 'सहज' असा घेतला. ज्या भाषेत मी लहानाचा मोठा झालो त्या भाषेत 'उगा' म्हणजे गप्प, आवाज न करता. डोळ्यांदेखत माणसाला मारलं जात असताना फाटकाशी गप्प उभा राहणारा सहज उभा नसतो, तो पहाऱ्यावर असतो.

रंगाला सात वर्षांची शिक्षा झाली होती.

बालाजीरावांनी पुस्तक मिटलं नाही. तसंच उघडं ठेवून ते स्वयंपाकघरात गेले. कामाक्षीअम्मा भेंडी चिरत होत्या.

"उगा म्हणजे काय गो?"

"उगे म्हणजे उगे. आता तुम्ही उगे बैसा, मज काम आहे."

"मराठींत आणखी कांही अर्थ होतो का?"

"मज काय ठावें? हायकोर्टाचे जज्ज तुम्ही का मी?"

ते परत आले. त्यांच्या डोक्यात एकच विचार चालला होता. ती बाई तंजावरची नव्हती. हे त्यांना तेव्हाही माहीत होतं, जबाबाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. मग तिच्या शब्दाला आपल्या आईचा अर्थ आपण कसा लावला? आणि शब्द तरी 'उगा' होता का? कारकुनानं तो तमिळ लिपीत लिहिला होता. त्या लिपीत ग आणि क एकच. तिनं 'उगाच' म्हटलं असेल आणि कारकुनाच्या हातून शेवटचा च गळला असेल. किंवा तिनं खरंच 'उगा' म्हटलं असेल. तसंही कोणी म्हणतं का महाराष्ट्रात? कौमुदीला विचारलं तर ती म्हणाली, "म्हणतात ना, गावाकडे. 'उगा रडू नको' म्हणतात. अर्थ तोच, विनाकारण." मग जराशी थांबून म्हणाली, "पण लहान बाळाला गप्प करताना 'उगी उगी' म्हणतो आम्ही. म्हणजे तुमचा अर्थही आहेच की!"

त्यांना ऐकून बरं वाटलं, आणि दहा मिनिटांत ते बरं वाटणं कुठल्या कुठे गेलं.

दुपारी त्यांनी तुकोजीला फोन केला. तुकोजी एकेकाळी त्यांचा ज्युनिअर, आता नावाजलेला वकील. बालाजीरावांच्या निवडक निकालांचं पुस्तक तो काढत होता, पुढच्या महिन्यात प्रकाशन होतं.

"तुकोजी, अंबत्तूरचा निकाल पुस्तकांतून काढ."

"सर, तो तर पहिलाच आहे!" तुकोजी चकित झाला. "पुस्तकाचं नावच त्याच्यावरून सुचलं. का काढायचा?"

बालाजीरावांनी सांगितलं. मग तुकोजी समजावणीच्या सुरात म्हणाला, "सर, निकाल एका शब्दावर कधी उभा नसतो. फाटक होतं ना."

"फाटक कोणी लावलें तें ठाऊक नव्हतें. मी तो शब्द धरला म्हणून फाटक त्याच्या नांवावर गेलें."

"आता अकरा वर्षं झाली, सर. त्याची शिक्षाही भोगून झाली असेल."

हे वाक्य तुकोजीनं दिलासा म्हणून उच्चारलं होतं. बालाजीरावांनी फोन ठेवला आणि निकालातून फाउंड्रीचा पत्ता उतरवून घेतला.

पुढच्या शनिवारी कौमुदीनं गाडी काढली. विजयकुमार कामासाठी तीन महिने जर्मनीला गेला होता, नाहीतर त्यानं वडिलांना जाऊ दिलंच नसतं. अंबत्तूरला त्या फाउंड्रीच्या जागी आता काचेची इमारत होती आणि गळ्यात ओळखपत्रं घातलेली पोरं बाहेर चहा पीत होती. समोरचं घर मात्र होतं. दारावर मराठीत आणि तमिळमध्ये 'घरगुती जेवण' अशी पाटी होती. चारुलताबाई साठीच्या, ठसठशीत, हाताला कणीक लागलेली. महाराष्ट्रातून नोकरीसाठी आलेली वीसपंचवीस मुलं त्यांच्याकडे जेवत.

बालाजीरावांनी आपण कोण ते सांगितलं. बाईंना अर्थबोध झाला नाही. त्या कोर्टात गेल्या होत्या, पण तिथले जज्ज वेगळे होते.

"मी त्याच्या वरच्या कोर्टांत होतो. तुमचा जबाब मी वाचला होता. तुम्ही रंगाबद्दल काय म्हणालां होतां, तें आठवतें का?"

"बारातेरा वर्षं झाली हो. दिसलं ते सांगितलं. दोघं मारत होते आणि तो उभा होता."

"कसा उभा होता?"

बाईंनी कौमुदीकडे पाहिलं. म्हातारे असं काय विचारतात, असं ते पाहणं होतं. "उभा होता म्हणजे उभा होता."

"तुम्ही उगा म्हणालां का उगाच?"

"आता काय सांगू? उगाच म्हणाले असेन. उगीच म्हणाले असेन. आमच्याकडे काहीही म्हणतात."

"आणि त्याचा अर्थ?"

चारुलताबाईंनी कणकेचे हात एकमेकांवर चोळले. त्या विचारात पडल्या. "मला आठवतंय ते एवढंच, की तो दुभाषी मला म्हणाला, 'सुम्मा?' मी म्हटलं हो, सुम्मा. तेवढं एक तमिळ तेव्हा मला येत होतं. भाजीवाली आली की मी दारात यायची, ती विचारायची काय पाहिजे, मी म्हणायची, सुम्मा. असंच आले."

बालाजीराव खुर्चीत मागे टेकले. सुम्मा. तमिळमधला सगळ्यात साधा शब्द. 'सुम्मा वंदेन' म्हणजे असाच आलो, काही काम नाही. आणि 'सुम्मा इरु' म्हणजे गप्प बस. त्यांच्या मनातले दोन्ही अर्थ त्या एका शब्दात शेजारी शेजारी बसले होते. कुठला धरायचा ते दुभाष्यानं विचारलं नाही, बाईंनी सांगितलं नाही, खालच्या कोर्टानं एक उचलला आणि त्यांनी दुसरा.

"का हो, काय झालं?" बाईंनी विचारलं.

त्यांनी झालं ते सांगितलं. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. ऐकता ऐकता चारुलताबाईंचा चेहरा उतरला.

"माझ्या शब्दावरून आत गेला तो? मला वाटलं आणखी कोणी साक्ष दिली असेल." त्या स्टुलावर बसल्या. "अहो, सुटून आल्यावर तो माझ्याकडे आला होता. दारात उभा राहून म्हणाला, अक्का, जेवायला मिळेल का? मी वाढलं. कधीमधी येतो अजून. एका शब्दानं बोलला नाही मला."

"तो कोठें असतो आतां?"

"श्रीपेरुंबुदूरला. कामगारांच्या बसवर आहे." आणि मग त्या जवळजवळ रागानं म्हणाल्या, "पण मला खरं सांगा, त्यात माझं काय चुकलं?"

"तुमचें कांही चुकलें नाही," बालाजीराव म्हणाले. बारा वर्षं निकाल देणाऱ्या माणसाचा तो आवाज नव्हता. कौमुदीनं त्यांच्याकडे वळून पाहिलं.

रविवार गेला, सोमवार गेला. त्यांनी निकाल पुन्हा वाचला, त्यावर सही करणाऱ्या दुसऱ्या न्यायमूर्तींना कोइमतूरला फोन केला. ते म्हणाले, "बालाजी, तू बागकाम कर." मंगळवारी कौमुदीनं सुट्टी टाकली आणि दोघं श्रीपेरुंबुदूरला गेली.

दोनची पाळी सुरू झाली होती. कारखान्यांच्या बसगाड्या कामगार सोडून मोकळ्या मैदानात ओळीनं उभ्या होत्या. रंगा एका बसच्या काचा पुसत होता. पंचेचाळिशीचा, कानाशी केस पिकलेले, अंगानं सडसडीत. बालाजीरावांनी त्याला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. ज्याला सात वर्षं दिली तो माणूस असा दिसतो, हे त्यांना आज कळलं.

नाव ऐकताच रंगानं फडकं खाली ठेवलं आणि हात जोडले. बालाजीरावांना ते सहन झालं नाही.

"हात खाली कर. मी तुला एक सांगायला आलो आहे."

तिघं मैदानाकडेच्या चहाच्या टपरीवर बसली. बोलणं तमिळमध्ये चाललं होतं, कौमुदीला निम्मं कळत होतं. बालाजीरावांनी बरोबर निकालाची प्रत आणली होती. रंगानं तिच्याकडे पाहिलं.

"ह्यात माझ्याबद्दल आहे?"

"तुझ्याकडे प्रत नव्हती?"

"होती. इंग्रजी होती. वकिलानं सांगितलं, सात वर्षं. तेवढं कळलं." मग तो संकोचानं म्हणाला, "ऐया, वाचून दाखवता? आमच्या भाषेत?"

बालाजीरावांनी चष्मा लावला. एकविसाव्या परिच्छेदापर्यंत काही अडलं नाही. तारीख, वेळ, गज, फाटक. रंगा मान हलवत होता, कुणा दुसऱ्याची हकिगत ऐकावी तसा. मग बाविसावा आला.

"साक्षीदार म्हणाली, की तू सुम्मा उभा होतास," त्यांनी सुरुवात केली. "खालच्या कोर्टानं ते सुम्मा असं धरलं. पण तिच्या शब्दाचा खरा अर्थ सुम्मा नव्हे, तर..."

ते थांबले. तमिळमध्ये गप्प याला दुसरेही शब्द होते, न बोलता म्हणता आलं असतं, शांत म्हणता आलं असतं. पण ते शब्द बाईचे नव्हते, बालाजीरावांचे होते. त्यांनी पुन्हा वाक्य जुळवून पाहिलं. ती म्हणाली सुम्मा, खालच्या कोर्टानं घेतलं सुम्मा, आणि मी म्हटलं, नाही, हे चूक आहे, ते सुम्मा नसून सुम्मा आहे. इंग्रजीत अकरा वर्षं दिमाखानं उभा असलेला तो परिच्छेद चहाच्या टपरीवर जागच्या जागी बसला.

"मला कळलं नाही, ऐया," रंगा म्हणाला.

"मलाही," बालाजीराव म्हणाले. "मी त्या शब्दाचा अर्थ गप्प असा लावला. तो कदाचित नुसताच, विनाकारण असा होता. तसं असेल तर तुला शिक्षा व्हायला नको होती. हे सांगायला मी आलो."

रंगानं चहाचा ग्लास बाजूला ठेवला. तो रडेल, ओरडेल, निदान उठून जाईल, असं कौमुदीला वाटलं. तो म्हणाला, "पण मी विनाकारण उभा नव्हतो."

बालाजीरावांनी चष्मा काढला.

"दोन दिवस आधी फोरमननं मला सगळ्यांसमोर थोबाडीत दिली होती. त्या सकाळी त्या दोघांनी मला सांगितलं, आज फाटकाशी. मी निघून जाऊ शकलो असतो. नाही गेलो. मला बघायचं होतं." त्याचा आवाज चढला नाही की उतरला नाही. "वाटलं, दोन फटके बसतील, पडेल, लोक हसतील. मरेल असं नव्हतं वाटलं. फाटक मी लावलं नाही, ऐया. पण ओरडलोही नाही. मी हाक मारली असती तर मागचा वॉचमन धावत आला असता. मी गप्प राहिलो."

"हें कोर्टांत कां सांगितलें नाहीस?" बालाजीरावांच्या तोंडून मराठीच निघालं. त्यांनी तेच पुन्हा तमिळमध्ये विचारलं.

"वकील म्हणाला, तोंड उघडू नकोस."

बसच्या ओळीतून कुणीतरी रंगाला हाक मारली. त्यानं हातानंच थांब अशी खूण केली आणि तो पुढे झुकला.

"तुरुंगात पहिली दोन वर्षं मी फार चिडायचो. मग मला वाटायला लागलं, वर कुठेतरी बसलेल्या त्या जज्जानं मला ओळखलं. मला न बघता ओळखलं. कुणाला माहीत नव्हतं ते त्याला कळलं. असं वाटलं की वर्षं जरा बरी जायची. आता तुम्ही येऊन सांगता, तसं काही नव्हतं, एका शब्दाची चूक होती." तो गोंधळून त्यांच्याकडे पाहत राहिला. "मग आता मी काय समजू? मी गुन्हेगार होतो की नव्हतो?"

कायदा बालाजीरावांना पाठ होता. नुसतं हजर असणं हा गुन्हा नव्हे. न ओरडणं हाही नव्हे. पण त्याला आधी माहीत होतं. माहीत असणं म्हणजे सामील असणं का? पुरावा नसताना शिक्षा दिली, ती चूक. पण ज्याचा पुरावा नव्हता ते पुष्कळसं खरं निघालं, मग ती चूक उरली का? आणि खरं निघालं तरी गुन्हा झाला का? एकेक उत्तर हाताशी येत होतं आणि दुसऱ्याला धरायला जावं तर पहिलं सुटत होतं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

रंगानं मान हलवली. त्याला राग आला नाही, पण निराशा मात्र स्पष्ट दिसली. उठताना तो म्हणाला, "एक मागणं आहे. माझ्या मुलीचं, कीर्तनाचं, लग्न वेल्लोरला ठरलंय. तिकडे कुणाला हे माहीत नाही. तुम्ही काही लिहाल, बोलाल, त्यात माझं नाव नको."

परतताना पूनमल्लीपाशी वाहतूक तुंबली तेव्हा बालाजीराव आपणहून म्हणाले, "त्याचें हातांतलें होतें तेंहि मी काढून आलो गो. आणि दिलें कांहीच नाही."

"तुम्ही खरं बोललात, अप्पा."

"खरें कोणतें?"

पुढची गाडी हलली, तिनं गिअर टाकला.

पुस्तक ठरल्या दिवशी प्रकाशित झालं. तुकोजीनं निकाल काढला नाही, छपाई झाली होती. सभागृह भरलं होतं. भाषणं झाली आणि शेवटी बालाजीराव उठले. त्यांनी नाव न घेता, गाव न घेता सांगितलं, की पहिल्या निकालातल्या बाविसाव्या परिच्छेदावर यापुढे कोणी विसंबू नये. साक्षीदार माझ्याच भाषेची आहे असं मी धरून चाललो, ती माझ्या भाषेची नव्हती. शब्दाचा अर्थ मी तिला विचारून घ्यायला हवा होता, निदान दुभाष्याला पुन्हा बोलवायला हवं होतं. तो निकाल शेवटी बरोबर होता की चूक हे मी सांगू शकत नाही, कारण मला ते ठरवता आलेलं नाही.

मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. पुढच्या रांगेतल्या एका वृद्ध वकिलांनी डोळे पुसले. "किती हा विनय," असं म्हणत लोक त्यांचा हात हातात घेत होते. बालाजीराव प्रत्येकाला सांगत होते, "विनय नव्हे, चूक आहे," आणि प्रत्येक जण आणखीच गहिवरत होता.

गर्दी ओसरल्यावर एक तरुण वकील, अंबुजा नावाची, पुढे आली. तिनं टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

"सर, माझ्या अशिलाला याच परिच्छेदाच्या आधारावर शिक्षा झाली आहे. तोही नुसता उभा होता. त्याचं अपील डिसेंबरात आहे. तुम्ही आज बोललात ते मी कोर्टाला सांगू का?"

"सांग. पण निवृत्त न्यायाधीशाचें बोलणें म्हणजे कायदा नव्हे. ते ऐकतीलच असें नाही."

"मग तुम्ही ते बोललात कशासाठी?" तिनं विचारलं. उद्धटपणे नव्हे, तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

"लेखी देतो," ते म्हणाले. तेवढं एक त्यांना सुचलं.

घरी येऊन त्यांनी ते लिहिलं. दोन पानांसाठी चार दिवस लागले. तेवढ्यावर न थांबता त्यांनी हायकोर्टाच्या प्रशासनाला आणखी एक पत्र पाठवलं, की साक्षीदाराची भाषा वेगळी असेल तिथे शब्दाच्या अर्थाबद्दल दुभाष्याला तिथल्या तिथे प्रश्न विचारला जावा आणि ते उत्तर नोंदवलं जावं. पत्र मिळाल्याची पोच आली. चारुलताबाईंकडे ते एकदा जेवून आले. रंगा हल्ली येत नाही, असं त्या म्हणाल्या. मुलीचं लग्न झालं म्हणे. का येत नाही ते त्यांना माहीत नव्हतं, आणि बालाजीरावांनाही विचारायचा धीर झाला नाही.

डिसेंबरच्या शेवटी अंबुजाकडून निकालाची प्रत आली. तिचा अशील सुटला होता. बालाजीरावांनी घाईनं पानं उलटली. त्यांच्या लेखी निवेदनाचा उल्लेख एका ओळीत होता, कोर्टानं ते आदरपूर्वक वाचलं असून त्यावर मत व्यक्त करण्याची गरज नाही. त्याच्या पुढच्याच परिच्छेदात, साक्षीदाराची जागा आणि अंतर यांबद्दल बारकाईनं लिहून, आरोपीला संशयाचा फायदा दिला होता.

त्यांनी ते तीनदा वाचलं. मग कौमुदीला बोलावलं. ती नुकतीच ऑफिसातून आली होती, खांद्यावरची बॅगही तिनं उतरवली नव्हती.

"वाच. इंग्रजी सोपें आहे."

तिनं उभ्या उभ्याच वाचलं. "सुटला की तो, अप्पा!"

"सुटला. पण कशानें सुटला? माझें वाचून त्यांना शंका आली आणि मग त्यांनी अंतर मोजलें, का मी लिहिलें नसतें तरी मोजलें असतें?"

"ते यावरून कसं कळणार?"

"तेंच तर," बालाजीराव म्हणाले. त्यांनी खुर्ची दिव्याजवळ ओढली, तिला बस म्हटलं आणि निकाल पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतला.